गोल टोकांचं अक्षर

शिरसवाडी,
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय वीरधवल,
जय भीम.

घरी सगळे ठीक आहेत एवढं लिहून पुढं जातो, कारण हे पत्र ख्यालीखुशालीचं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गाव उठलं तेव्हा जागोजागी पत्रकं चिकटवलेली होती. डेअरीच्या दारावर, शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर, आणि एक आमच्या विहाराच्या खांबावर. मजकूर असा: ‘दूध डेअरीचा घोटाळा! सकाळी फॅट पाच, संध्याकाळी फॅट दहा. हा खेळ कुणाच्या म्हशीचा?’ खाली कुणाचं नाव नाही, छापखान्याचंही नाही. म्हैस कुणाची ते सांगावं लागलं नाही. डेअरीचे चेअरमन तुझे चुलते नाथाजीतात्या, आणि त्यांच्या दुधाला फॅट किती लागते याची चर्चा गावात नवी नाही.

मजकूर खरा की खोटा, मला देणंघेणं नाही. भानगड अक्षराची आहे. जाडजूड, सगळीकडे सारख्याच जाडीचं, टोकं गोल केलेलं. बघणारा प्रत्येक जण एकच म्हणाला, “ह्ये म्हेंद्रचं अक्षार हाय.” तसं म्हणणं चुकीचंही नाही. डेअरीची पाटी, शाळेचे सुविचार, पिठाची गिरणी, डॉक्टरांचा बोर्ड, नऊ ट्रॉल्यांची फळकुटं, सगळं त्याच अक्षरात मीच रंगवलंय. छापखान्यातल्या खिळ्यांच्या अक्षराला टोकं असतात, गोल टोक फक्त ब्रशातून येतं, हे आता गावातल्या सगळ्यांना माहीत झालंय. मी कागदावर रंगवून पलूसला झेरॉक्स काढल्या, असं ठरलं. ठरवायला त्यांना अर्धा तास पुरला.

तात्यांनी चावडीत बोलावून सांगितलं, “सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत समद्यांम्होरं हात जोडून माफी मागायची. न्हाईतर पलूसच्या चौकीत तक्रार देणार. तवर तुमचं दूध डेअरीत घ्यायचं न्हाई.” आमच्या दोन म्हशी आईच्या जिवावर चालतात, तुला माहीतच आहे. ती दुसऱ्या दिवशी भरलेली किटली घेऊन गेली आणि भरलेलीच घेऊन परत आली.

आता मुद्द्याचं. मिरजेत धुळा पेंटरच्या हाताखाली हे अक्षर शिकलेले आपण दोघं. एकाच बाकड्यावर झोपलो, बाटलीच्या एकाच बुचानं अक्षरांची टोकं आखली. मास्तर तर गेले. मी ते पत्रक काढलेलं नाही. मग उरलं कोण?

सरळ विचारतो, सरळ उत्तर दे.

तुझा,
महेंद्र


सातारा,
२७ नोव्हेंबर १९९६

प्रिय महेंद्र,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. लहानपणापासूनच्या दोस्तीत तू मला पहिल्यांदाच ‘सरळ उत्तर दे’ म्हणालास. पोलीस खात्यात भरती झालास की काय?

अरे, मी ब्रश सोडून दोन वर्षं झाली. डबे वाळून गेले. आता ‘वीर ग्राफिक्स’मध्ये दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, औषधाच्या दुकानाची बिलबुकं. मला गोल अक्षर काढायला लावलंस तर आज ओघळ येतील. आणि हे अक्षर काय आपल्या दोघांच्या नावानं सातबाऱ्यावर चढलंय? आइस्क्रीमच्या गाड्या बघ, उसाच्या रसाची दुकानं बघ. गोल अक्षर कोण काढत नाही! उगाच कॉलर ताठ करून घेऊ नकोस.

पिवळ्या कागदावर चार ओळी कुणीही खरडून जाईल. त्यात एवढं काय? तात्या तापट आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत. लहानपणी आपण दोघांनी त्यांच्या मळ्यातले पेरू चोरले तेव्हा त्यांनी आपल्यालाच टोपलीभर देऊन पाठवलं होतं. सव्वीसला उभा राहा, हात जोड, ‘चूक झाली’ म्हण आणि मोकळा हो. हात जोडल्यानं काय झिजणार आहे? आईच्या दुधाचा प्रश्न तर मिटेल.

आता मी सरळ विचारतो. तूच काढलं नाहीस ना? काढलं असशील तर मला सांग. माझ्यापाशी राहील.

नीलिमावहिनींना नमस्कार.

तुझा,
वीरधवल


शिरसवाडी,
९ डिसेंबर १९९६

वीरधवल,

सहा डिसेंबरला विहारात कार्यक्रम होता, त्याच्या फलकांत अडकलो म्हणून उशीर. तुझं पत्र मात्र खिशातच होतं. दहा वेळा वाचलं.

पत्रक पिवळ्या कागदावर होतं हे तुला कुणी सांगितलं? मी लिहिलेलं नाही. पत्र पेटीत टाकण्याआधी मी नीलिमाला वाचून दाखवतो. तिचीही खात्री आहे की रंगाचा उल्लेख नव्हता.

टोपलीभर पेरूंचंही आठवलं. टोपली तुझ्या हातात दिली होती. मला फाटकाबाहेर उभं केलं होतं. तुझ्या ते ध्यानात राहिलं नाही, एवढंच.

आणि अक्षराबद्दल मला शिकवू नकोस. मास्तर काय सांगायचे? हे अक्षर लांबून वाचता येतं, उन्हानं रंग उडाला तरी जाडीमुळं टिकतं, आणि कुणाला टोचत नाही. म्हणून बालवाडीला चालतं, मिठाईला चालतं, दवाखान्याला चालतं, एसटीच्या कॅन्टीनला चालतं. वकिलाच्या पाटीला चालत नाही, निधनाच्या फलकाला चालत नाही आणि भांडणाला तर अजिबातच नाही. माधवनगरला गिरणी कामगारांच्या मोर्चाचं कापड रंगवायचं काम आलं होतं, तेव्हा तूच गोल अक्षरात ‘मुर्दाबाद’ काढलं होतंस. मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. म्हणाले, “मालकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतूयास व्हय रं?” सगळं कापड पुन्हा पांढरं करायला लावलं. त्या दिवसापासून भांडणाला आपण दोघं टोकदार अक्षर वापरतो.

म्हणून पत्रक बघितल्यापासून माझं डोकं चालत नाही. घोटाळ्याचा आरोप, आणि अक्षर पेढ्याच्या खोक्यावरचं! मी चिडून काढलं असतं तर असं काढलं नसतं. म्हणजे काढणाऱ्याला एक तर अक्षरातलं काही कळत नाही, नाहीतर सगळं कळतं आणि ते माझं दिसावं म्हणूनच त्यानं ते निवडलं. दुसरं खरं असेल तर तो माणूस मला चांगला ओळखणारा आहे.

हात जोडल्यानं झिजत नाहीत म्हणतोस. तू जोडून बघ एकदा, न केलेल्या गोष्टीसाठी, सगळ्या गावापुढं.

कागदाच्या रंगाचं उत्तर पाठव.

महेंद्र


सातारा,
१६ डिसेंबर १९९६

प्रिय महेंद्र,

कागदाचा रंग मानसिंगदादानं फोनवर सांगितला. सख्खा भाऊ आहे, गावातली खबर मला देणार नाही तर कुणाला देणार? मिटला प्रश्न?

आता माझंही ऐकून घे. गेल्या वर्षी तात्यांनी वाचनालयाची पाटी तुझ्याकडून काढून कोल्हापूरच्या पेंटरला दिली. तेव्हा पारावर ‘चेअरमनला एक दिवस भिंतीवर वाचाय लावतो’ असं तू बोलला होतास. ऐकणारे दहा जण आहेत. मी त्यातलं काही कुणाजवळ काढलं नाही, काढणारही नाही. पण माझ्यावर बोट रोखताना थोडं स्वतःकडंही बघ.

मनगट दुखतंय म्हणून हे पत्र मशीनवर काढलं. सही माझीच आहे. या विषयावर पुन्हा लिहू नकोस, दोस्ती नासेल.

वीरधवल


शिरसवाडी,
२८ डिसेंबर १९९६

वीरधवल,

पारावर मी तसं बोललो होतो. रागात बोललो. तू ते जपून ठेवलंस आणि वेळेवर काढलंस. हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं, पण ते राहू दे. दोस्ती नासायची वाट न बघता लिहितो.

नीलिमा बालवाडीत पोरांना अक्षरं शिकवते, तुला माहीत आहे. एक पत्रक मी घरात दडवून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात तिच्या हाताला लागलं. बघता बघता म्हणाली, “आवं, ह्यात समदी अक्षरं गुबगुबीत हायत, मग ळच तेवढा उपाशी का?” मी खिडकीजवळ नेऊन बघितलं. घोटाळा, सकाळी, संध्याकाळी, खेळ. चार ळ, आणि चारही दोन्ही बाजूंनी दाबलेले. जागा भरपूर आहे, तरी दाबलेले. बटर पेपर ठेवून एक ळ उतरवला आणि बाकीच्या तिघांवर ठेवून बघितला. केसाचाही फरक नाही. मग दोन्ही ‘फॅट’ बघितले. तेही तंतोतंत. माणसाच्या हातानं दोन अक्षरं अशी निघत नाहीत. मास्तरांच्याही निघाली नसती.

तो दाबलेला ळ मी ओळखतो. शहाऐंशी साली मास्तर मिरजेत डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते. तेव्हा त्यांनी मला सगळ्या अक्षरांचा तक्ता काढायला सांगितला होता. मी उत्साहात मोठी मोठी अक्षरं काढत गेलो आणि शेवटच्या ओळीत ‘ह’ झाल्यावर कार्डशीटची कड आली. ळ कसाबसा कोंबला. मास्तरांची पट्टी निघाली तेव्हा त्यांनी आधी तोच बघितला. म्हणाले, “ह्याला उभं ऱ्हायला बी जागा ठेवली न्हाईस व्हय?” चौऱ्याण्णव साली सातारला जाताना तो तक्ता तू मागून नेलास. ‘मास्तरांची आठवण’ म्हणालास. मी तर गुंडाळीला दोरी बांधून दिली.

एवढ्यावर मी तुला पत्र लिहिलं नसतं. नीलिमा म्हणाली, खात्री करा. म्हणून सोमवारी आम्ही दोघं सांगलीला गेलो. बस स्टँडजवळ एक कॉम्प्युटरचं दुकान आहे, लग्नपत्रिका करतात. त्याला पत्रक दाखवून विचारलं, असलं अक्षर तुमच्याकडं आहे का? तो म्हणाला, “आहे की, सध्या लई चालतंय.” त्यानं यादी उघडली आणि विचारलं, नमुन्याला काय टाइप करू? मी म्हटलं, महेंद्र.

वीरधवल, काचेवर माझं नाव उमटलं, माझ्या अक्षरात. ‘म’ची गाठ मी जशी बांधतो तशी. मी ब्रश उचलला नव्हता, रंग कालवला नव्हता, खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसलो होतो. नीलिमानं माझा दंड धरला. मग मी ळ काढायला सांगितला. उपाशीच निघाला.

त्या अक्षराचं नाव यादीत काय आहे ते विचारलं. ‘वीर ठळक’ म्हणाला. सातारहून फ्लॉपी येते म्हणाला.

मला आता तीन गोष्टी हव्यात. पत्रक तुझ्या दुकानात निघालं का, ते सांग. कुणी काढून नेलं, ते सांग. आणि सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत येऊन गावाला सांग की हे अक्षर आता मशीनमधून येतं. मी सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर ती आरोपीची सबब होते. तू सांगितलंस तर ऐकतील.

महेंद्र


सातारा,
८ जानेवारी १९९७

महेंद्र,

आज हातानं लिहितोय. चार कागद फाडले.

तक्ता मी स्कॅन केला. पुण्याचा एक जण अक्षरांचे टाइप करून देतो, त्याच्याकडून करून घेतला. सुरुवातीला खरंच दुकानापुरता केला होता. मग लोक मागायला लागले. तुला विचारायला हवं होतं. प्रत्येक वेळी गावाकडं आलो की विचारायचं ठरवायचो, आणि तू चहा पाजायचास, मास्तरांचं काहीतरी काढायचास, की माझी जीभ उचलायची नाही. नाव माझं दिलं. का दिलं म्हणशील तर दुकानाचं नाव तेच होतं म्हणून. हे कारण लिहितानाच पोकळ वाटतंय, पण दुसरं माझ्याकडं नाही.

पत्रक माझ्याच दुकानात निघालं.

मानसिंगदादा दसऱ्यानंतर मजकूर चिठ्ठीवर घेऊन आला. त्याला पुढच्या खेपेला चेअरमन व्हायचंय, हे तुझ्यापासून लपलेलं नसेल. तात्या उठत नाहीत म्हणून हा उपद्व्याप. मी म्हटलं, घरातल्या माणसाविरुद्ध कशाला? तो म्हणाला, तू टाइप कर, अक्कल शिकवू नको. मी आठ-दहा अक्षरं दाखवली. त्यानं गोलच पसंत केलं, लांबून दिसतं म्हणून.

इथंच थांबलो तर तू मला माफ करशील, हे मला कळतंय. पण तू खोदून काढशील, म्हणून लिहितो. कागद बाहेर आल्यावर दादा बघत राहिला आणि म्हणाला, “आरं, ह्ये तर म्हेंद्रचं दिसतंय.” मी म्हटलं, हो, त्याचंच आहे, बदलून देतो. तर हसला. म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. बरंच झालं.” मी बदललं नाही, महेंद्र. दोन मिनिटांचं काम होतं. तो मोठा भाऊ आहे, गिऱ्हाईक उभं होतं, असल्या सबबी मी दोन महिने स्वतःला देतोय. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला सगळं माहीत होतं. आणि मी तुलाच उलट विचारलं. लाज वाटते.

सव्वीसला येतो. सकाळी पहिल्या गाडीनं निघतो, कराडला बदलतो, साडेदहापर्यंत गावात. सगळ्यांपुढं सांगतो. दादाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, तेवढं मला जमणार नाही. माझं मी घेईन. तोवर तू कुणाला काही बोलू नकोस, एवढी विनंती.

वीरधवल


(पोस्टकार्ड)

शिरसवाडी, १४ जानेवारी १९९७

वीरधवल, पत्र पोचलं. दोनदा वाचून ट्रंकेत ठेवलं. उत्तर आत्ता देत नाही, काही भलतंच लिहून जाईन. सव्वीसला ये. ग्रामसभा अकराला, शाळेच्या पटांगणात. मी कुणाला बोललेलो नाही. आईला फक्त एवढंच सांगितलं की वीरधवल येणार आहे, मग सगळं मिटेल. — महेंद्र


शिरसवाडी,
२८ जानेवारी १९९७

वीरधवल,

साडेदहाची गाडी आली, तिच्यातून तू उतरला नाहीस. साडेअकराच्या गाडीलाही मी थांब्यावर होतो. तिच्यातून हरणाबाई आणि तिची कोंबडी उतरली. निवडणुकीची कामं आली असतील, गाडी चुकली असेल, ताप आला असेल. काय कारण लिहिशील याचा मी विचार करून ठेवलाय, म्हणून लिहू नकोस.

सभा माझ्यासाठी थांबली होती. झेंडावंदन झालं होतं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या होत्या. तात्या खुर्चीवर, शेजारी मानसिंग. बाया व्हरांड्याच्या कडेला. आई त्यात बसली होती, तिनं नवं पातळ नेसलं होतं. मला बघून तिनं माझ्यामागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

तात्या म्हणाले, “हां, म्हेंद्र. बोल. लोकं खोळंबल्यात.”

मी हात जोडले नाहीत. गुरुजींना म्हटलं, वर्गातला फळा बाहेर काढू का? फळा आणला. पत्रक त्यावर चिकटवलं आणि शेजारी खडूनं मोठा ळ काढला. मग दुसरा, मग तिसरा, असे आठ; एकही दुसऱ्यासारखा नव्हता. मग पुढच्या ओळीतल्या दोघांना पत्रकातले ळ मोजायला आणि बटर पेपर ठेवून बघायला सांगितलं. एकजण म्हणाला, “आयला, छापल्यावानी एकसारखं हायत.” मी म्हटलं, छापलेलेच आहेत. ब्रशातून आलेले नाहीत, कॉम्प्युटरमधून आलेत. सांगलीच्या दुकानातून आणलेला कागद काढला, त्यावर माझं नाव होतं. म्हटलं, हे अक्षर माझंच आहे, शहाऐंशी साली मिरजेत काढलेलं. पण ते आता कुणीही बटण दाबून काढू शकतो. माझ्या हातानं हे पत्रक निघालेलं नाही.

बराच वेळ कुजबुज चालली. मग माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, “ह्याचं खरं दिसतंय.” आईनं पदर तोंडाला लावला. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. तुझी गरजही पडली नाही.

तात्या उठून फळ्याजवळ आले. चष्मा लावून सगळे ळ बघितले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मंग कुणाच्या मशिनीतनं आलं ह्ये?”

तू मला न बोलण्याची विनंती केली होतीस. ती तुझ्या येण्याच्या भरवशावर होती. मी मानसिंगकडं बघितलं. तो पायातलं पायताण बघत होता. मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, दुकानाचं नाव, गाव. मजकूर कुणी दिला ते त्यालाच विचारा म्हटलं. वाटलं, आता तात्या पेटणार. तुझं घर फुटणार, चौकीत तक्रार जाणार, आणि त्याला मी कारण होणार. काळजी मला तुझीच वाटली, खोटं सांगत नाही.

तात्यांनी एकदा मानसिंगकडं बघितलं. त्याची मान वर होईना. तात्यांना सगळं कळलं, ते माझ्या डोळ्यांसमोर कळलं.

आणि तात्या हसले.

आधी नुसते गालात, मग मोठ्यानं, खांदे हलवत. “आयला, आमच्याच घरातलं हाय व्हय ह्ये! पोरं लय शानी झाली की रं!” मानसिंगच्या पाठीवर थाप मारली. तोही हसला. मग पुढची ओळ हसली, मग मागची. ज्यांनी दोन महिने माझ्याशी रामराम बंद केला होता ते डोळे पुसून हसत होते. कुणी म्हणालं, चेअरमनचं पुतणं चेअरमनला भारी. मी फळ्याजवळ खडू धरून उभा होतो. हसायचं कशाला, ते मला उमगत नव्हतं.

मी म्हटलं, “तात्या, मला हात जोडाय सांगितलं हुतं. आता कोण जोडणार?”

ते म्हणाले, “आरं, घरातली भानगड हाय. घरात बघतो आमी. तू जा आता. दूध घाल उद्यापास्नं.” आणि ग्रामसेवकाला म्हणाले, पुढचा विषय घ्या. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

मी केलं असं वाटत होतं तोवर तो गुन्हा होता. पोलीस होते, माफी होती, दूध बंद होतं. तुझं नाव निघालं आणि त्याची चेष्टा झाली. तेच पत्रक, तीच म्हैस, तेच अक्षर. इतक्या वर्षांत मी या गावाच्या भिंती रंगवून आतून-बाहेरून गाव ओळखतो असं समजत होतो. ते मला किती कमी ओळखता येत होतं, ते परवा कळलं. मला राग आला, वीरधवल. तुझा आला, तात्यांचा आला, आणि तुझी काळजी केली म्हणून माझा स्वतःचाही आला. घरी येऊन मी नीलिमासमोर रडलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा.

आई डेअरीत गेली नाही. काल सकाळी किटली घेऊन पलूसला चालत गेली आणि चहाच्या दोन हॉटेलांना दूध लावून आली. मी म्हटलं, तात्यांनी घाल म्हणून सांगितलंय की. ती म्हणाली, “त्यांनी सांगिटलं म्हणून बंद, त्यांनी सांगिटलं म्हणून चालू. म्हशी माझ्या हायत का त्यांच्या?” एवढं बोलून वैरण टाकायला गेली.

मी डेअरीची पाटी पुन्हा रंगवायची नाही असं ठरवलंय. बाकीची कामं घेईन, घ्यावीच लागतात. अक्षरही तेच काढीन. तुझ्या यादीत त्याचं नाव काय ठेवायचं ते तू बघ, मी सांगायला येणार नाही.

दोन दिवस एकाच गोष्टीवर विचार करतोय. तू आला असतास तर काय झालं असतं? तू बोलला असतास, तरी तात्या हसलेच असते. मानसिंगच्या पाठीवर थाप पडलीच असती. गाव हसलंच असतं. त्यातलं काही तुला थांबवता आलं नसतं, हे मला कळतं.

पण सगळे हसत असताना तिथं न हसणारे आपण दोघं असतो.

महेंद्र